कणीस आणलंत? मग आजच शिजवा

मक्याची कणसं घेताना भाजीवाल्याला ‘सोलून द्या हो’ असं सांगू नका. घरात कचरा नको म्हणून आपण तसं म्हणतो खरं, पण ती हिरवी पानंच दाण्यांतला ओलावा राखतात. सोललेलं कणीस पिशवीतच सुकायला लागतं. प्लास्टिक ताणून ठेवलेली गोरीगोमटी कणसं मी तर घेतच नाही. ती कधी तोडली, कोण सांगणार?

पानं हिरवी आणि घट्ट बसलेली हवीत, शेंड्याचे केस तपकिरी पण काळे पडून कुजलेले नकोत. वरून चाचपलं की टोकापर्यंत दाणे हाताला लागतात. खात्रीच हवी तर भाजीवाल्यालाच एखादं उघडायला सांगा, दाण्याला नख लावा. दुधाळ रस आला की घ्या. मात्र दहा कणसं उघडून नऊ परत टाकू नका. तीच पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातात.

घाई एवढ्यासाठी की, तोडल्यावरही दाण्यांतले व्यवहार चालूच राहतात. साखरेचं पिष्ट होत जातं, आणि उकाड्यात तर फार झपाट्यानं. साध्या स्वीटकॉर्नमधली सुमारे ६० टक्के साखर ३० अंश तापमानाला एका दिवसात अशी जाऊ शकते. शून्य अंशाला जेमतेम ६ टक्के. नव्या, जास्त गोड जाती थोडा दम धरतात, पण आपल्या पिशवीत कोणती जात आहे हे बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा सकाळी आणलेली कणसं संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. पानांसकट फ्रिजमध्ये टाका.

आणि कृपा करून देशी मका व स्वीटकॉर्न एकाच मापानं शिजवू नका. बहुतेक घरांत बिघडतं ते इथेच. कोवळं स्वीटकॉर्न कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या काढायच्या आणि मग ‘याला चवच नाही’ म्हणायचं! त्याला खळखळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं पुष्कळ झाली. मायक्रोवेव्ह असेल तर पाणीही नको: एक कणीस पानांसकट तीन-चार मिनिटं ठेवा, मग बुडखा कापून शेंड्याकडून धरून झटका, केसांसकट पानं सुटून येतात. वाफ कडक असते, फडकं घ्या.

देशी कणसाला मात्र कुकर चालतो, पण ते खरं भाजण्याचं. कोळसे नसले तर गॅसवर जाळी ठेवा, आच मध्यम, आणि हात हलता. आधी तेल-तूप लावू नका, धूर होतो. काही दाणे तडतडून उडतील, तेव्हा तोंड जरा लांब. काळे ठिपके पडले, खमंग वास सुटला की उतरवा आणि तिखट-मिठात बुडवलेली लिंबाची फोड गरम असतानाच चोळा.

एवढं करूनही कणसं राहिली, दाणे टणक झाले, तर उकडत बसू नका. किसणीवर किसा. इंदूरकर भुट्ट्याचा कीस करतात तसं तुपात मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी देऊन कीस चांगला परता, मग दूध घालून झाकण ठेवा. खाली लागतो, म्हणून अधूनमधून ढवळत राहा. कीस मोकळा झाला की मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर.