वऱ्हाडची पऱ्हाटी आणि अमेरिकेचा हत्ती

१/ कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टनला पत्रकारांसमोर एक उपमा दिली होती. अमेरिकेशेजारी राहणे म्हणजे हत्तीच्या शेजारी झोपणे. हत्ती कितीही सालस असला, तरी त्याने कूस बदलली की शेजाऱ्याला हादरा बसतोच. कॅनडाला निदान हत्ती दिसत तरी होता. अमरावती-अकोल्याला तो दिसत नव्हता, पण हादरे १८६१ पासून बसत आहेत.

२/ वऱ्हाड आणि अमेरिका यांचे नाते कापसाचे. या नात्याविषयी दोन मते सतत कानी पडतात. एक म्हणते, अमेरिकेमुळे वऱ्हाडात पांढरे सोने पिकले. दुसरे म्हणते, अमेरिकेनेच वऱ्हाडला बुडवले. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्हींत एकच उणीव आहे. हत्तीकडे पाहताना दोघांनाही मधला माहूत दिसत नाही.

३/ आरंभापासून पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. म्हणजे वऱ्हाडचा व्यापार अमेरिकेने निर्माण केला, हे खरे नाही. पेठ आधीच होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि त्या पेठेचे तोंड समुद्राकडे वळू लागले.

४/ एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस तिथूनच येत होता. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजूर उपाशी राहू लागले आणि लिव्हरपूलचे व्यापारी हिंदुस्थानकडे वळले. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले. अमेरिकन चित्रपट पोहोचण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडात अमेरिकन युद्धाचा भाव पोहोचला होता.

५/ लिव्हरपूलच्या बाजारात या भागातल्या कापसाला एक व्यापारी नाव होते, ‘ऊमरा’. ते ‘उमरावती’ या शब्दाचे संक्षिप्त रूप. अमरावती कोठे आहे हे ठाऊक नसलेली माणसे दररोज अमरावतीचे नाव घेऊन सौदे करत होती. नाव वऱ्हाडचे आणि भाव लिव्हरपूलचा, हा शिरस्ता तेव्हाच पडला.

६/ एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि भाव कोसळले. मुंबईत शेअर बाजाराचा फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्यही कोलमडले. मुंबईच्या पडझडीच्या कथा आजही सांगितल्या जातात. पण तेजीच्या भरवशावर ज्याने कर्ज काढले, त्या वऱ्हाडी कुणब्याची कथा मुंबईच्या इतिहासात तळटीप म्हणूनही येत नाही.

७/ आता माहुताकडे पाहू. युद्ध संपले, तरी इंग्रज सरकारने वऱ्हाडला कापसातून मोकळे केले नाही. रेल्वे आली, नवी जमाबंदी झाली, कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेले खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. १८७० मध्ये तेथील रेल्वे फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. व्हाइसरॉय एका लहानशा फाट्यासाठी येतो, यातच त्या कापसाचे मोल कळते.

८/ कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनी आपली अपेक्षा लपवली नव्हती. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागे पडेल आणि विणकर कापसाच्या शेतीकडे वळतील, असा त्यांचा हिशोब होता. हा हिशोब अमेरिकेचा नव्हता. अमेरिकेने केवळ संधी निर्माण केली. वऱ्हाडला कच्च्या मालाचा प्रांत बनवण्याचा निर्णय कलकत्ता आणि लंडनचा होता.

९/ या निर्णयाची किंमत शतकाच्या अखेरीस मोजावी लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले. चराऊ राने आणि धान्याची शेते कापसाखाली गेल्यामुळे दुष्काळ पेलण्याची गावांची शक्ती खचली होती, अशी मांडणी इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी केली आहे. जमीन सुपीक म्हणून नावाजलेली आणि माणसे उपाशी, या कोड्याचे उत्तर तिथे सापडते.

१०/ विसाव्या शतकात लिव्हरपूलची जागा हळूहळू न्यूयॉर्कने घेतली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे व बंद होण्याचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर जुगार चाले. पुढे ‘मटका’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या ‘आकड्या’चा उगम हाच. कापूस पिकवणाऱ्या देशात दुसऱ्या देशाचा कापूसभाव नशिबाचा आकडा ठरावा, याहून बोलके रूपक शोधावे लागत नाही.

११/ मात्र वऱ्हाड केवळ सोसत राहिले, असे नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्याला उपस्थित राहिले. अमेरिकन तंत्रज्ञानाकडे पंजाबरावांनी ना दिपून पाहिले, ना भिऊन. शिकण्याजोगे ते आपल्या संस्थांमार्फत शिकावे, ही त्यांची वृत्ती. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, ते आज त्यांचेच नाव मिरवते.

१२/ १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. जागतिक भावाच्या लाटेपुढे राज्याने उभी केलेली ती भिंत होती. पुढे चुकारे रखडले, तोटा साचला आणि २००२ च्या सुमारास भिंत ढासळली. ती कोणत्या अमेरिकन फौजेने पाडली नाही. आपल्याच कारभाराच्या ओलीने ती आतून पोखरली गेली.

१३/ त्याच २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक मिसुरीतील मोन्सँटोचे, भागीदार जालन्याची महिको. दहा वर्षांच्या आत देशातील बहुतांश कापूस बीटी झाला. शेतकऱ्यांनी हे बियाणे आपणहून स्वीकारले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भारतात ते जवळजवळ केवळ संकरित वाणांत आले, म्हणजे दरवर्षी नवे पाकीट घेणे भाग. अमेरिकेचा शेतकरी मात्र सरळ वाण पेरतो.

१४/ पुढची तुलना अधिक बोचरी आहे. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस फस्त केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या देशातून तीच अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटीला वंध्य पतंग सोडणे, कामगंध सापळे आणि शेतकऱ्यांची सामूहिक मोहीम यांची जोड होती. अळी एक, बीटीचे तंत्र एक. फरक होता तो संस्थांचा.

१५/ वऱ्हाडचे मत आज दुभंगलेले आहे. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर विकतचे बियाणे, खत, औषध नाकारणारी शेती सांगतात. अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले एचटीबीटी बियाणे जाहीरपणे पेरून तंत्रज्ञान-स्वातंत्र्य मागितले. एकाला बाहेरचे तंत्र हा फास वाटतो, दुसऱ्याला ते दार वाटते. भांडण मात्र दोघांचेही धोरण ठरवणाऱ्या सरकारशीच आहे.

१६/ हत्तीला जाब विचारता येतो का? येतो. अमेरिकेच्या कापूस अनुदानामुळे जगात भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि जिंकली. २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेला ३० कोटी डॉलर मोजावे लागले. जगातील सर्वांत मोठ्या कापूस उत्पादकांपैकी एक असलेला भारत त्या खटल्यात मुख्य तक्रारदार नव्हता.

१७/ ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात दिल्लीने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. कापडउद्योगाला स्वस्त कापूस हवा, ही बाजू खरी आहे. सवलत केवळ अमेरिकेच्या नव्हे, सर्वच देशांच्या कापसाला होती, हेही खरे. पण तिचा काळ नेमका नव्या वेचणीचा होता. ठोसा वॉशिंग्टनचा बसला आणि गाल वऱ्हाडचा पुढे केला गेला.

१८/ यावर एक आक्षेप येईल. जगाच्या बाजारात लहान प्रदेशाचे चालते तरी काय? मान्य. हत्तीचे वजन कमी करणे कोणाच्याच हाती नाही. पण १८७०, २००२ आणि २०२५ या तिन्ही वेळी हादरा बाहेरून आला आणि तो कोणी सोसायचा हे जवळच्या सत्तेने ठरवले. अमेरिकेची आरती किंवा अमेरिकेला शिव्या, दोन्हींत हा ठरवणारा हात सुटून जातो.

१९/ वऱ्हाडच्या इतिहासाचा धडा अमेरिकाविरोधाचा नाही, अमेरिकाप्रेमाचाही नाही. पुढच्या वेळी भाव पडेल तेव्हा पहिला प्रश्न न्यूयॉर्कला नव्हे, मुंबई आणि दिल्लीला विचारला जावा. ‘ऊमरा’ या नावाने लिव्हरपूलमध्ये सौदे होत असताना तो प्रश्न विचारण्याचा अधिकार वऱ्हाडला नव्हता. आज मताधिकार आहे. तो असूनही प्रश्न विचारला गेला नाही, तर तो दोष हत्तीचा नव्हे.