हौशी नजरेचे मोल

विज्ञान ही केवळ पदवीधरांची मिरासदारी आहे, या समजाला ‘गॅलेक्सी झू’ प्रकल्पाने २००७ मध्येच तडा दिला. स्लोन आकाश सर्वेक्षणातील सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे खगोलशास्त्रज्ञांनी सर्वसामान्यांपुढे ठेवली. वर्षभरात सुमारे दीड लाख हौशींनी ५ कोटींहून अधिक वर्गीकरणे नोंदविली. पण खरे यश या संख्येत नाही. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी अनोळखी तेजोमेघ दिसला. ‘हिरवे वाटाणे’ असे नाव पडलेल्या, वेगाने तारे घडविणाऱ्या चिमुकल्या दीर्घिकाही हौशींच्याच आपसांतील चर्चेतून पुढे आल्या. नेमून दिलेल्या कामात यातले काहीच नव्हते. होते ते केवळ कुतूहल.

भारतात २०१३ पासून ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम हीच वाट चोखाळतो आहे. त्यामुळे खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे सामान्य विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली. मात्र, अशा उत्साहींना बिनपगारी कारकून समजण्याचा मोह संशोधकांनी टाळायला हवा. तेजोमेघावरील शोधनिबंधात व्हॅन आर्केल यांना सहलेखिकेचा मान मिळाला. श्रेयाची ही वाटणी अपवाद न राहता प्रघात झाली, तरच हौशी विज्ञान टिकेल.