काट्यावरचे वजन आणि अंगावरचे मांस



डायलिसिसच्या बिलांसाठी आपली संघटना भांडली, रेफरलच्या कागदासाठी भांडली, निवृत्त सभासदाला दारातून परत पाठवले म्हणूनही भांडली. ते भांडण योग्यच होते. पण आमच्या शहपुऱ्याच्या शाखेत जे पाहिले, त्यानंतर आम्हांला वाटू लागले आहे की आपण अर्ध्याच प्रश्नावर भांडत आलो. उरलेला अर्धा प्रश्न रोग्याच्या ताटात होता. तिकडे अधिकाऱ्यांनी पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही पाहिले नाही.

शहपुरा भिटोनी हे जबलपूर-इटारसी मार्गावरचे स्टेशन. मुंबईचा लोहमार्ग 1870 साली जबलपूरला पोहोचला, आणि 2003 साली पश्चिम मध्य रेल्वे निघेपर्यंत जबलपूर विभाग मध्य रेल्वेत, म्हणजे मुंबईच्या मुख्यालयाखाली होता. त्या काळात बदलीने आलेली कितीतरी मराठी घरे इकडेच राहिली. अशाच एका घरातला आमचा जुना सभासद. हयात गँगमध्ये गेली, नंतर मधुमेहाने मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून तीनदा गाडीने जबलपूरला जायचे, चार तास सुई लावून पडायचे, संध्याकाळी परत यायचे. दर खेपेला त्याला काट्यावर उभे करून वजन लिहीत. आधी 61, नंतर 58. वर्षभर हाच आकडा. कार्डावर सगळे ठीक. आणि वहिनी आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, यांच्या सदऱ्यात आता दोन माणसं मावतील हो."

कार्ड खरे की वहिनी खऱ्या? वहिनी खऱ्या होत्या.

मालधक्क्यावर काम केलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटे पुरतात. भरलेल्या वॅगनचे वजन निराळे, रिकाम्या वॅगनचे निराळे, मालाचे निराळे. पार्सलचे वजन बरोबर भरले म्हणून आतला माल शाबूत आहे, असे आमचा कोणता पोस्टमन बंधू लिहून देईल? मूत्रपिंड बंद पडले की अंगात पाणी साठते. डायलिसिसने जास्तीचे पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवे त्याला ड्राय वेट म्हणतात. ते डॉक्टरने एका दिवशी रोगी पाहून ठरवलेले असते. पुढे माणसाचे 4 किलो मांस झडले आणि ड्राय वेट मात्र जुनेच राहिले, तर त्या 4 किलोंच्या जागी पाणी येऊन बसते. काटा 58 दाखवतच राहतो. मग पाय सुजतात, रक्तदाब चढतो, रात्री उताणे झोपले की दम लागतो, आणि रोग्यालाच बोल लावतात की तू पाणी फार पितोस.

याहून मोठी फसगत क्रिएटिनीनची. हा आकडा कमी आला की घरात आनंद होतो. आमच्या या सभासदाच्या घरी तर पेढे आणले होते. पण क्रिएटिनीन तयार होते ते स्नायूंतून. डायलिसिसवरच्या माणसाचा, डायलिसिसच्या आधी काढलेला हा आकडा महिन्यामागून महिना उतरत असेल, तर स्नायू संपत चालल्याची ती खूण असू शकते. मूत्रपिंड सुधारत आहे असे त्यावरून मानू नये. हे त्या घराला कोणी सांगितले नव्हते. पेढे खाल्ले त्यात आम्हीही होतो.

मग पथ्याचा कागद मागवला. त्यावर डाळ कमी, दूध कमी, अंडे नाही. तारीख पाहिली तर डायलिसिस सुरू होण्याच्या पाच महिने आधीची! इथेच सगळी गोम आहे. मूत्रपिंडे थोडीफार चालत असतात तोवर प्रथिने मापात ठेवायला सांगतात, दर किलो वजनामागे दिवसाला 0.6 ते 0.8 ग्रॅमच्या आसपास. तो सल्ला खोटा नाही. पण डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. रक्तातली घाण काढताना यंत्र अमिनो आम्लेही काढून नेते, एका खेपेला साधारण 6 ते 12 ग्रॅम. म्हणून अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या 2020 सालच्या मार्गदर्शक नियमांत डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. शिवाय पोटभर अन्न, किलोमागे 25 ते 35 कॅलरी, कारण पोट भरले नाही तर शरीर खाल्लेली प्रथिनेही चुलीत घालते. आमच्या 58 किलोच्या माणसाला दिवसाला 58 ते 70 ग्रॅम हवी होती. तो खात होता चार पोळ्या, दोन वाट्या भात आणि दुधीची भाजी. हिशेब केला तर 20 ग्रॅमच्या आगेमागे! त्यातून डायलिसिसच्या दिवशी दुपारचे जेवणच नाही. महिन्याला बारा-तेरा जेवणे अशी गाडीच्या वेळेत गेली. यंत्र नेत होते आणि घर वाचवत होते, दोन्हीकडून माणूस खाल्ला जात होता. या झिजेला वैद्यकशास्त्रात नाव आहे, मूत्रपिंडाच्या आहारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2008 साली तिच्या खुणाही ठरवून दिल्या आहेत: रक्तातले अल्ब्युमिन, वजनातली घट, दंडाच्या स्नायूची घट, खाण्यातली घट. अल्ब्युमिन एकटे पाहू नये, सूज किंवा संसर्ग असला तरी ते उतरते. पण चार खुणा एकत्र दिसल्या तर डोळे उघडायला हरकत नसावी.

कोणी म्हणेल, आमच्या माणसाला चांगले पोट आहे, त्याला कसली झीज? त्याचे उत्तर पुण्याने दिलेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणजे काटा सारखा आणि अंगातला माल निराळा. आपल्या लोकांत मांस आधीच बेताचे असते, मधुमेह लवकर गाठतो, आणि डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांत मधुमेहवाल्यांचा वाटा मोठा. अशा माणसाचे पोट पाहून त्याला धडधाकट ठरवू नका. दंड पाहा.

आम्ही हा विषय एका अधिकाऱ्याकडे नेला. उत्तर मिळाले की उपचाराचा खर्च दिला जातो, घरी काय खायचे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. वा रे न्याय! रूळ किती झिजला हे मिलिमीटरमध्ये मोजता, चाकाला गेज लावता, आणि त्या रुळावर तीस वर्षे बीटर मारणारा दंड किती झिजला ते मोजायला वीस रुपयांची शिंप्याची टेप मिळत नाही? मुठीची ताकद मोजण्याचे साधे यंत्र मिळते, ते काही इंजिनाच्या किमतीचे नाही. आणि खाजगी बाब म्हणाल, तर पथ्याचा कागद तुम्हीच दिलात. दिलात तसा वेळेवर बदलण्याची जबाबदारीही तुमचीच.

आमची मागणी अशी. जिथे आपला सभासद डायलिसिस घेतो, मग रुग्णालय रेल्वेचे असो की पॅनेलवरचे खाजगी, तिथे आहारतज्ज्ञ पाहिजे. डायलिसिस सुरू होताच जुना कागद रद्द करून नवा द्यावा, तो रोग्याच्या भाषेत आणि त्याच्या चुलीला झेपेल असा. हंगामात शहपुऱ्याच्या मंडईत मटाराचे ढीग लागतात आणि हा माणूस भीतीने दाणा तोंडात टाकत नव्हता. किती खायचा, उकडून पाणी टाकायचे का, हे पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून सांगणारे कोणी हवे की नको? अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि फॉस्फरस फार थोडा, हे त्या घराला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. दुकानातले 'कमी सोडियमचे' मीठ पोटॅशियमचे असते आणि या रोग्याला ते घातक ठरू शकते, हेही. ड्राय वेट दर महिन्याला नव्याने तपासावे आणि दंडाचे माप त्याच कार्डावर लिहावे. नोकरीत असलेल्याला डायलिसिसच्या ठिकाणाजवळ दिवसपाळी द्यावी, आणि त्या दिवशीच्या जेवणाची सोय व्हावी.

पोस्टातल्या बंधूंचे दुखणे याहून जुने. जबलपूर शहरात केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे, पण ग्रामीण डाक सेवक तिच्या बाहेर. सायकलवर टपाल वाटणाऱ्याचे मूत्रपिंड खात्याच्या यादीत नाही! ही मागणी रेल्वेच्या मागण्यांशेजारीच लिहिली गेली पाहिजे, खाली तळटीपेत नको.

आणि थोडे आपल्या घरात. कंबरदुखीसाठी गँगमध्ये डायक्लोफिनॅकच्या गोळ्या चण्यासारख्या वाटल्या जातात. उन्हात पाणी न पिता या गोळ्या खाणे मूत्रपिंडाला मारक आहे. प्रथिनांचे महाग डबे विकणारे दारात आले तर आधी डॉक्टरला विचारा. आणि हा लेख वाचून कोणीही आपले पथ्य आपल्या मनाने बदलू नये. ज्याचे डायलिसिस सुरू झालेले नाही त्याने तर मुळीच नाही.

पुढच्या पीएनएमसाठी कलम तयार करत आहोत. शाखा सचिवांनी आपल्या भागातल्या डायलिसिसवरच्या प्रत्येक सभासदाला भेटावे. पथ्याच्या कागदावरची तारीख आणि डायलिसिस सुरू झाल्याची तारीख, दोन्ही लिहून घ्याव्यात. दंडाचे माप डायलिसिसनंतर, ज्या हाताला फिस्टुला नाही त्या हाताचे, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावून घ्यावे, हात सैल सोडलेला असावा. नावाऐवजी क्रमांक टाकावा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे आमच्याकडे पाठवावेत.