ज्यूसर घेण्याआधी धुणाऱ्याला विचारा

ज्यूसर घ्यायचं मनात असेल तर दुकानात जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घरातच शोधा. घरी कोणती फळं नेमाने येतात? आणि रस पिऊन झाल्यावर ते यंत्र धुणार कोण? वॅट, फेरे, सवलत, हमी हे सगळं त्यानंतरचं. या प्रश्नांना बगल देऊन आणलेला ज्यूसर पहिले पंधरा दिवस ओट्यावर असतो, मग कपाटात जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढतो.

आधी फळांचं पाहू. लिंबू, मोसंबी आणि संत्रं यापलीकडे रस काढायचाच नसेल तर मोटारीची गरज नाही. लिंबासाठी दांड्याचा चिमटा आणि मोसंबीसाठी मधे उंचवटा असलेलं हाताचं पिळायचं भांडं, दोन्ही मिळून काही शे रुपयांत येतं. चिमट्यात लिंबाची कापलेली बाजू भोकांकडे ठेवा. अनेकजण उलटं ठेवतात आणि रस डोळ्यांत उडतो. मनगट दुखत असेल किंवा घरात खाणारी तोंडं जास्त असतील, तर त्याच उंचवट्याला छोटी मोटार लावलेला विजेचा ज्यूसर घ्या. मात्र फोड फार दाबून खरवडू नका. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, त्याचं कारण बियांत आणि आतल्या पांढऱ्या सालीत असतं. तिथला लिमोनिनचा मूळ अंश चवीला कडू नसतो, पण आंबट रसात उतरला की हळूहळू कडू लिमोनिन होतं. म्हणून बी चिरडू द्यायची नाही, पांढरा भाग घासायचा नाही आणि काढलेला रस लगेच प्यायचा.

डाळिंब, कलिंगड, द्राक्षं, अननस येत असतील तर घरातला मिक्सरच पुरे. अनेक मिक्सरबरोबर जाळीचं भांडं येतं; नसेल तर साधं भांडं आणि मोठी गाळणी. डाळिंबाचे दाणे टाकून बटण उलट्या बाजूला दोन-तीनदा फिरवून सोडा, बस्स. सलग फिरवलंत तर बिया भरडल्या जातात आणि सोलापूरचं गोड डाळिंबही तुरट लागतं. आंब्याचं तर बोलायलाच नको. आमरस हाताने किंवा पुरणयंत्रातून काढावा. आंबा, केळं, चिकू, पपई या गरांच्या फळांना कुठलाच ज्यूसर न्याय देत नाही, नुसती जाळी तुंबते.

गाजर, बीट, सफरचंद अशा कडक मालाचा रस वरचेवर लागत असेल, तर ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर कामाचा. त्यात फोड फिरत्या किसणीवर पडते, किसली जाते आणि भयंकर वेगामुळे रस जाळीतून बाहेर फेकला जातो. काम झटपट होतं. पण आवाज मोठा, रसावर फेस येतो आणि चोथा ओलसर राहतो. मुठीत घेऊन दाबला तरी त्यातून रस टपकतो. पालक, पुदिना किंवा गव्हांकुर यात टाकू नका. पानं रस न सोडताच चोथ्यात जाऊन पडतात.

आता सगळ्यात जास्त जाहिरात होते त्या कोल्ड प्रेस किंवा स्लो ज्यूसरकडे येऊ. यात जाडजूड स्क्रू मिनिटाला साधारण चाळीस ते ऐंशी फेऱ्यांनी फिरतो आणि माल जाळीवर दाबून पिळून काढतो. आवळा, आलं, पालेभाज्या, गव्हांकुर यांचा रस यातच नीट निघतो. चोथा कोरडा पडतो, फेस कमी येतो. मोटार दोनशे वॅटच्या आसपास असली तरी चालते, कारण इथे वेगाला महत्त्व नाही. त्यामुळे ‘जास्त वॅट म्हणजे जास्त रस’ हे गणित इथे लावू नका. किंमत मात्र सहा-सात हजारांपासून पुढे वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाते.

त्या किमतीचं समर्थन करताना विक्रेता सांगेल, की मिक्सरच्या उष्णतेने जीवनसत्त्वं जळतात. मिनिटभर फिरलेल्या मिक्सरमध्ये रस तेवढा तापत नाही. ‘एन्झाइम जिवंत राहतात’ असंही ऐकाल. एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. पोटात गेल्यावर त्यांतली बहुतेक पचून जातात. रोज सकाळी आवळ्याचा किंवा पाल्याचा रस घेणारं घर असेल तर स्लो ज्यूसर जरूर घ्या. आठवड्यातून एकदा मोसंबीसाठी तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता धुण्याचं. हाताचं भांडं नळाखाली धरलं की झालं. वेगवान ज्यूसरची जाळी तशी नाही. तिच्या बारीक भोकांत गाजराचा कीस अडकतो आणि अर्धा तास वाळला तर ब्रशने घासूनही निघत नाही. स्लो ज्यूसरमध्ये स्क्रू, जाळी, भांडं, झाकण आणि रबरी पट्ट्या असे अनेक सुटे भाग असतात. भांड्याच्या तळाशी चोथा बाहेर पडायच्या वाटेवर एक रबरी बूच असतं. ते उपसून रोज धुतलं नाही तर आत चोथा आंबतो आणि आठ दिवसांत यंत्राला वास मारायला लागतो. हे काम घरच्या बाईने किंवा भांड्यांच्या मावशींनी करायचं असेल, तर खरेदीआधी त्यांचं मत घ्या. दुकानात यंत्र चालवून दाखवायला सांगताच, तसं ते खोलून पुन्हा जोडायलाही सांगा, आणि ते धुणाऱ्याच्या हातून करून पाहा.

दुकानदाराला आणखी तीन गोष्टी विचारा. जाळी आणि रबरी भाग सुटे मिळतात का, कितीला? दुरुस्ती आपल्या गावात होते की पार्सल पाठवावं लागतं? मोटार सलग किती मिनिटं चालवायची? मोटारीची हमी मोठी लिहिलेली असते, पण मोडते बहुधा जाळी. पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अमेरिकेतल्या मुलांनी तिकडून ज्यूसर पाठवायचा आग्रह धरला, तर नको म्हणा. तिकडची यंत्रं १२० व्होल्टची, आपली वीज २३० व्होल्टची. तिकडचं यंत्र थेट आपल्या प्लगला लावलं की मोटार जळते.

यंत्र कुठलंही आणा, रस म्हणजे फळ नव्हे. चोथ्याबरोबर तंतू जातात आणि तीन-चार मोसंब्यांची साखर एका पेल्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखरही मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४च्या आहार मार्गदर्शनात रसापेक्षा अख्खं फळ खावं असंच सांगितलं आहे. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पेला सुरू करू नये. आणि दुधीचा रस घेणाऱ्यांनी आधी कच्च्या दुधीचा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. त्यातल्या विषारी द्रव्यामुळे रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

तेव्हा घाई नको. आठ दिवस घरातल्या मिक्सरवर आणि गाळणीवर रस काढा. ज्याला रस हवा त्यानेच भांडी धुवायची, असा नियम ठेवा. नवव्या दिवशीही तोच उत्साह टिकला, तर खुशाल दुकानात जा.