नाव सारखे, कौल चिन्हाचा

पेरुंगुडीतील मतदारांनी १९ एप्रिल २०२४ रोजी दक्षिण चेन्नई लोकसभा मतदारसंघासाठी मतदान केले, तेव्हा चार प्रमुख उमेदवारांपैकी तिघींच्या नावांचा आरंभ एकाच शब्दाने होत होता : द्रमुकच्या तमिळची थंगपांडियन, भाजपच्या तमिळिसई सौंदरराजन आणि नाम तमिळर कच्चीच्या तमिळसेल्वी. जुन्या महाबलीपुरम मार्गावरील कंपन्यांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला ही यादी चक्रावून टाकणारी वाटावी. स्थानिक मतदार मात्र गोंधळल्याचे दिसले नाही. उगवता सूर्य, कमळ आणि माईक ही चिन्हे परस्परांपासून पुरेशी दूर होती. थंगपांडियन दोन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाल्या.

त्याच दिवशी रामनाथपुरममध्ये चित्र निराळे होते. माजी मुख्यमंत्री ओ. पन्नीरसेल्वम यांच्याविरुद्ध आणखी पाच ओ. पन्नीरसेल्वम उभे होते. तमिळ नावात बहुधा आडनाव नसते. पित्याच्या नावाचे आद्याक्षर आधी येते. त्यामुळे पित्याचे नाव 'ओ'ने सुरू होणारा कोणताही पन्नीरसेल्वम रीतसर ओ. पन्नीरसेल्वमच ठरतो. अण्णाद्रमुकमधून बाहेर पडावे लागल्याने माजी मुख्यमंत्र्यांपाशी 'दोन पाने' हे चिन्ह नव्हते. ते अपक्ष लढले आणि फणस हे नवे चिन्ह तीन आठवड्यांहून कमी अवधीत घरोघरी पोहोचवावे लागले. ते सुमारे एक लाख ६६ हजार मतांनी पराभूत झाले. एवढ्या अंतराचे खापर नामबंधूंवर फोडता येत नाही.

महाराष्ट्रात आडनाव आहे, म्हणून हा प्रश्न नाही असे नव्हे. रायगडमध्ये २०१४ साली राष्ट्रवादीचे सुनील तटकरे अवघ्या २,११० मतांनी अनंत गीते यांच्याकडून हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. घड्याळासारखे रुजलेले चिन्ह असूनही एवढी गळती झाली, हे खरे. तरी ती दहा हजारांच्या आत राहिली. दिंडोरीत २०२४ साली नाव तंतोतंत सारखेही नव्हते. शरद पवार गटाचे भास्कर भगरे 'तुतारी वाजवणारा माणूस' या नव्या चिन्हावर लढले, तर अपक्ष बाबू भगरे यांच्या चिन्हाचे मराठी नाव 'तुतारी' होते. अपक्षाला १,०३,६३२ मते मिळाली. भास्कर भगरे एक लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले म्हणूनच या आकड्याची चर्चा लवकर विरली.

यावरचे उपाय मात्र नाव आणि चेहरा यांपुरते राहिले. १९६१ च्या निवडणूक नियमांत समान नावांच्या उमेदवारांना व्यवसाय वा निवासस्थान जोडून वेगळे दाखविण्याची तरतूद आहे. २०१५ पासून मतदानयंत्रावर छायाचित्रे आली. ती रंगीत करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. दिंडोरीत छायाचित्र होतेच. नामसाधर्म्याला आळा घालण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ऐकली नाही. आईबापांनी ठेवलेल्या नावापायी कुणाचा उमेदवारीचा हक्क कसा हिरावावा, हा न्यायालयाचा प्रश्न बिनतोड आहे.

चिन्हांच्या मुक्त यादीला असे कोणतेही घटनात्मक संरक्षण नाही. ती आयोगाच्या हातची आहे. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, आयोगाने 'तुतारी वाजवणारा माणूस' यंत्रावर अधिक ठळक दाखविण्याचे मान्य केले. अपक्षांची तुतारी यादीतून वगळण्यास मात्र नकार दिला.