मूल वाढते, मदतीची मर्यादा तेवढीच

गोशे आजार झालेल्या मुलाचे वजन वाढू लागले, की उपचार लागू पडत असल्याची ती खूण असते. पण त्याबरोबर उपचाराचा खर्चही वाढतो. या आजारावरील प्रमुख औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि ते साधारण दर दोन आठवड्यांनी, आयुष्यभर, शिरेतून द्यावे लागते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मिळणाऱ्या सरकारी मदतीला मात्र ५० लाख रुपयांची मर्यादा आहे. या धोरणातील खरा पेच तोच आहे.

आपल्या पेशींत लायसोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव्ह यांनी १९५५ मध्ये त्यांचा शोध लावला. पेशीतील जुने, निकामी पदार्थ मोडण्याचे काम या पिशव्यांतील विकरे, म्हणजेच एन्झाइम करतात. जनुकीय दोषामुळे एखादे विकर कमी पडले, की न मोडलेला पदार्थ साठत जातो. अशा ५० हून अधिक आजारांपैकी गोशे हा एक. त्यात एक स्निग्ध पदार्थ प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत साठतो. पोट फुगते, रक्त कमी होते, हाडे दुखतात आणि ठिसूळ होतात.

नेमके कोणते विकर कमी पडते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. रॉस्को ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. जे कमी आहे ते बाहेरून द्यावे, असा त्यांचा विचार होता. तो सोपा वाटला, तरी प्रत्यक्षात यायला पाव शतक लागले. बाळंतपणानंतर बाहेर पडणाऱ्या वारेतून विकर वेगळे काढून १९७४ मध्ये ते दोन रुग्णांना देण्यात आले. पण पुढे लक्षात आले, की ते हव्या त्या पेशींपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मग विकराला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्यांची टोके छाटण्यात आली. त्यामुळे उघड्या पडलेल्या मॅनोज शर्करेवरून भक्षकपेशी विकर ओळखून आत घेऊ लागल्या. १९९१ मध्ये १२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : रक्त सुधारले, प्लीहेचा आकार घटला. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. १९९४ पासून जैवतंत्रज्ञानाने तयार केलेले विकरही मिळू लागले.

मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांना या उपचाराचा मर्यादितच उपयोग होतो, कारण रक्तातून दिलेले विकर मेंदूत पोहोचत नाही. इतरांच्या बाबतीत विज्ञानाने वाट मोकळी केली आहे. अडते ते पैशांपाशी.

भारताचे धोरण २०२१ मध्ये आले. उपचार आहेत, पण ते अतिशय महाग आणि आजन्म घ्यावे लागतात, अशा आजारांच्या गटात गोशेचा समावेश झाला. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांचा राष्ट्रीय निधी उभारण्याचा आदेश दिला. मर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. रक्कम वाढली तरी प्रश्न उरतोच. एकदाच मिळणारी मदत आजन्म उपचाराला पुरणार कशी? मदत संपल्यावर औषध थांबले, तर साठवण पुन्हा सुरू होते आणि आधी झालेला खर्चही वाया जातो.

यातून मार्ग निघू शकतो, हे एका औषधाने दाखवले आहे. गोशेवरील एलिग्लुस्टॅट हे तोंडाने घ्यायचे औषध तो स्निग्ध पदार्थ तयार होण्याचे प्रमाणच कमी करते. त्याचा वार्षिक खर्च १.८ ते ३.६ कोटी रुपये होता. देशातच उत्पादन सुरू झाल्यावर तो तीन ते सहा लाखांवर आल्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले. मात्र हे औषध प्रामुख्याने टाइप १ च्या प्रौढ रुग्णांसाठी आहे. लहान मुलांचा मुख्य आधार अजूनही शिरेतून दिले जाणारे विकरच आहे. तेही देशात स्वस्तात तयार व्हावे आणि मदत उपचाराइतकीच सलग मिळावी, यावर आता भर हवा.

वेळेवर निदान हा त्यातला पहिला टप्पा. मुलाचे पोट सतत फुगलेले, रक्त कमी आणि कारण सापडत नसेल, तर विकराची पातळी तपासणारी रक्ताची चाचणी करता येते. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. मुलाला तिथवर वेळेत पोहोचवणारे पालक आणि डॉक्टर आपले काम करतात; पुढची अनेक वर्षे औषध मिळत राहील, याची हमी मात्र धोरणालाच द्यावी लागेल.