रेवदंड्याचे घर आणि एकोणीस वारस



पेसाहपूर्वीपासून आमच्या कुटुंबात एकच विषय चालू आहे : रेवदंड्याचे घर व वाडी विकावी की ठेवावी. मुंबईच्या एका दलालाने आमच्या चुलतभावाचा ठावठिकाणा शोधून काढून किंमत विचारली आहे, व "सर्वांच्या सह्या तेवढ्या आणा, बाकी आम्ही पाहून घेऊ" असे कळविले आहे. सातबाऱ्यावर अद्याप आमच्या आजोबांचे नाव आहे. त्यांचे वारस मोजावयास बसलो तेव्हा एकोणीस भरले. त्यांपैकी सोळा या देशात, दोघे ठाण्यास आणि एक कॅनडात. हा प्रश्न आमच्या एका घराचा असता तर तो या पानांत मांडण्याचे कारण नव्हते. परंतु मागे एका शब्बाथला अश्दोदच्या सिनेगॉगमध्ये किद्दूश झाल्यावर सहज बोलणे निघाले, तो भोवतालच्या चार घरांतून तीच कथा ऐकावयास मिळाली. कोणाचे घर पेणला, कोणाचे नागावला, कोणाची अलिबागच्या इस्राएल आळीत नुसती पडवी उरलेली.

एक गोष्ट आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्या घराविषयी आम्ही इतक्या तळमळीने बोलतो, त्या घरात आमच्यापैकी कोणीही सलग वर्षभर राहिलेले नाही. आजोबासुद्धा नाही. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. त्यांचे वडील पलटणीत. आपल्या समाजाचे बहुतेकांचे असेच झाले. कोकणातील गावे सोडून माणसे मुंबईस आली, १७९६ मध्ये तेथे आपले पहिले सिनेगॉग उभे राहिले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी गावचे घर म्हणजे मे महिन्याचे घर झाले. पोटापाण्याचे घर मुंबईत आणि नावाचे घर गावी. आपल्या आडनावांना लागलेला 'कर' हा त्या नावाच्या घराचा पत्ता होय. अशी शंभराहून अधिक आडनावे आपल्यात आहेत. येथील आमचे विद्यार्थी हजेरीच्या वेळी आमच्या आडनावाचे तुकडे करून तिसरेच काही उच्चारतात. तेव्हा आम्ही फळ्यावर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याची रेघ ओढून तीवर एक ठिपका देतो. शिक्षकाची खोड, दुसरे काय.

१९७० नंतरच्या त्या सुट्ट्या आठवतात त्या वासाने. माझगावच्या शाळेचा निकाल लागला की दोन दिवसांत भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, वळकट्या व पाण्याची सुरई घेऊन आम्ही उभे असू. लाँचमध्ये डिझेलचा व सुक्या मासळीचा वास. तास-दीड तासाने रेवस. तेथून एस. टी. ने अलिबाग, आणि अलिबागहून पुढे सतरा किलोमीटरवर रेवदंडा. नागाव-चौल मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांस माड व पोफळी इतक्या दाट होत की भर दुपारी गाडीत सावली येई. आजी आधी दाराच्या मेझुझाला हात लावून तो हात ओठांस लावी, मग कुलूप काढी. अकरा महिन्यांच्या बंद घराचा, कौलांचा, नारळाच्या सोडणांचा व उंदरांचा असा एक मिश्र वास अंगावर येई. त्या वासाला आम्ही सुट्टी म्हणत असू.

परसात विहीर, विहिरीवर रहाट, आणि रहाटापासून निघून पोफळींच्या मुळांशी फिरणारा पाट. रहाटाचा बैल आमच्या लहानपणीच गेला आणि पंप आला. पण पाटात पाय सोडून बसण्याची आमची जागा बदलली नाही. विहिरीपासून थोड्या अंतरावर घाण्याची जुनी दगडी उखळ अर्धी मातीत रुतलेली होती. आजीच्या दृष्टीने ती धुण्याचा दगड, आमच्या दृष्टीने किल्ला. आजोबांनी मात्र एका संध्याकाळी आम्हां सर्व नातवंडांस तिच्या कडेवर बसवून सांगितले, की याच दगडात पूर्वजांनी तीळ गाळले, आणि शनिवारी बैल सोडून ठेवला म्हणून गावाने आपल्याला 'शनिवार तेली' म्हटले. बेने इस्राएलांचा इतिहास आम्ही पुढे वाचला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला तो ग्रंथ ट्रेनिंग कॉलेजात असताना हाती आला. पण त्यातील शनिवार तेल्यांविषयीचे पान वाचताना डोळ्यांपुढे आली ती परसातली उखळच.

शुक्रवारी आजी चूल लवकर आटपी. वाडीतल्याच नारळाचे तेल काचेच्या पेल्यात पाण्यावर सोडून त्यात वात लावी. आईच्या मुंबईच्या खोलीतही हाच दिवा लागे, परंतु तेथे तेल वाण्याकडचे असे. मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध का घालावयाचे, गाईचे का नाही, हे आम्हांस कोणी धड्यासारखे शिकविले नाही. नारळ फोडावयास बसविले आणि विचारले तेव्हा सांगितले, इतकेच. शाबुओथ कधी मेच्या अखेरीस येई, तेव्हा गावच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये मुंबईहून सुट्टीवर आलेल्या माणसांनीच निम्मी बाके भरत. ते सिनेगॉग १८४२ सालचे. शेमा म्हणताना आमची तोंडे पश्चिमेस, म्हणजे समुद्राकडे. आता अश्दोदला समुद्र पश्चिमेसच आहे आणि यरुशलेम पूर्वेस. समुद्राकडे पाठ करून प्रार्थनेस उभे राहण्याची सवय होण्यास आम्हांस बरेच दिवस लागले, हे कबूल केले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या सिनेगॉगमधील एका वडील गृहस्थांचे मत विक्रीच्या बाजूचे आहे, आणि ते साधार आहे. ते म्हणाले, "ज्या भूमीसाठी पिढ्यान्‌पिढ्या तोंड वळवून उभे राहिलात, त्या भूमीत येऊन पोहोचलात. आता मागे वळून कशाला पाहता? लोटाच्या बायकोसारखे मिठाचे खांब व्हाल." मंडळी हसली, आम्हीही हसलो. तरीही त्यांच्या म्हणण्यात एक चूक आम्हांस वाटते. लोटाची बायको वळून पाहत होती ती जळत्या पापनगरीकडे. आमच्या मागे जे गाव आहे त्याने आम्हांस कधी जाळले नाही, कधी हाकलले नाही. शेकडो वर्षे शनिवारी बैल सोडू दिला. अशा गावाशी असलेला शेवटचा दस्तऐवज दलालाच्या हाती परस्पर सोपविणे हे आम्हांस बरे वाटत नाही.

पण म्हणून कुलूप लावून ठेवणे म्हणजे घर राखणे नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. आपल्या पुष्कळ कुटुंबांनी हाच मार्ग पत्करला आहे. भांडण नको, खर्च नको, म्हणून किल्ली एका ट्रंकेत आणि घर देवाच्या हवाली. आम्हीही तेच केले. १९९४ मध्ये आम्ही येथे आलो तेव्हा आईने किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवली. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून आहे. तेव्हापासून पाणी लावणे, सुपारी उतरविणे, घरपट्टी भरणे हे सर्व त्यांनी केले आणि त्यांच्यामागे आता त्यांचा मुलगा करतो. सुरुवातीची काही वर्षे ते उत्पन्नाचा हिशेब वहीच्या पानावर लिहून धाडीत. आमच्याकडून उत्तर जाईना, तेव्हा तो येईनासा झाला. दोष कोणाचा, हे वाचकांस सांगावयास नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आमच्या दोन्ही मुलांना घेऊन रेवदंड्यास गेलो. येथील शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची. कोकणात तेव्हा धो धो पाऊस. म्हणजे जो आंबा, जो वाळवणाचा माळा, जी किनाऱ्यावरची संध्याकाळ आम्ही मुलांना वर्षानुवर्षे वर्णन करून सांगितली, त्यांतले काहीच तेथे नव्हते. आम्ही मनातून खट्टू झालो होतो. मुलांचे मात्र निराळेच. ऑगस्टमध्ये आकाशातून पाणी पडते हेच त्यांना नवल! या देशात जन्मलेल्या लेकरांनी उन्हाळ्यात ढग तरी कोठे पाहावा? दोघे पडवीत बसून पागोळ्यांखाली हात धरीत होते. विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव आहे असे धाकट्याने तोंड वाकडे करून सांगितले, आणि ते खरेही होते. आम्हीच इतक्या वर्षांत विसरलो होतो. सिनेगॉगमध्ये जाऊन आलो, पण मिन्यानला लागणारे दहा पुरुष जमण्यासारखे नव्हते. थोरल्याने ती उखळ शोधून काढली. काकांच्या मुलाने त्याला हातवारे करून घाणा कसा फिरे ते दाखविले. त्याला हिब्रू येत नाही, आमच्या मुलास मराठी मोडके येते. तरी ते अर्धा तास बोलत होते.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. माडा-पोफळींच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. आमच्या वाडीतल्या एकतीस पोफळी पडल्या, आणि घराची समुद्राकडील कौले गेली. तो कोरोनाचा काळ. आमच्यापैकी कोणासही जाणे शक्य नव्हते. काकांच्या मुलाने स्वतःच्या वाडीचे नुकसान बाजूस ठेवून आमच्या आढ्यावर ताडपत्री बांधली, पडलेली झाडे हलविली, आणि त्या पावसाळ्यात पोफळीची नवी रोपे लावली. कोणी सांगितले म्हणून नव्हे. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षे जातात. त्या रोपांची फळाची वेळ आता आली आहे, आणि नेमकी आताच किंमत विचारणारी माणसेही आली आहेत. मुंबईहून मांडव्यास मोटारी घेऊन जाणारी बोट २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. ज्या प्रवासाला आमचा एक दिवस मोडे तो आता सकाळी निघून जेवणापूर्वी संपतो. सुट्टीचे घर मुंबईच्या श्रीमंतांस हवे आहे, आणि आमची वाडी त्यांना मोकळी हवी आहे. पोफळी तोडून.

आमच्या मते या प्रकरणात पहिला हिस्सा त्या रोपे लावणाऱ्याचा आहे. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, कायदा त्याला काही देणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच ते आपण द्यावयाचे. वाडीचा मोठा भाग त्यालाच, त्याला झेपेल अशा किमतीत व हप्त्यांनी द्यावा, दलालाच्या आकड्याकडे पाहू नये. घर, विहीर व उखळीपुरते परस मात्र कुटुंबाकडे ठेवावे, आणि त्यासाठी एकोणीस जणांनी दरवर्षी वर्गणी भरावी, असा प्रस्ताव आम्ही मांडला आहे. वर्गणी दोन वर्षे जमली नाही, तर घरही त्यालाच द्यावे. प्रेम असेल तर ते पावतीवर दिसू दे.

यावर आमच्या एका भावजयीने जे उत्तर दिले ते येथे न लिहिणे अन्यायाचे होईल. ती लोदला राहते, बँकेचा मश्कांता फेडता फेडता मेटाकुटीस आली आहे. ती म्हणाली, "तुमच्या आठवणींचा हप्ता माझ्या मुलांनी का भरावा? मी त्या घरात एक रात्र झोपलेली नाही." आमच्याजवळ याचे चांगले उत्तर नव्हते. अजूनही नाही. तिच्या हिश्शाची रक्कम आम्ही व आमच्या थोरल्या बहिणीने मिळून तिला द्यावी आणि तिला मोकळी करावी, इतकेच आम्हांस सुचले आहे. आमची निवृत्तीची पुंजी पाहता तेही सोपे नाही.

ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विकावयाचे असो वा नसो, प्रथम वारसांच्या नावांची नोंद तलाठ्याकडे करवून फेरफार होऊ द्यावा. दर पिढीगणिक वारस वाढतात, आणि आमच्या एकोणीसांचे उद्या पन्नास होतील. दुसरे, दलालाने पाठविलेल्या सर्वाधिकाराच्या मुखत्यारपत्रावर सही करू नये. मुखत्यारपत्र द्यावयाचेच तर ते घरच्या माणसास, ठराविक कामापुरते, शब्द न्‌ शब्द वाचून द्यावे. शेतजमीन असेल तर आपल्यासारख्या परदेशी नागरिकांना ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकता येते, हेही ध्यानात असू द्यावे. इकडच्या इकडे आपसांत व्यवहार उरकण्याच्या गोष्टी कोणी सांगेल, त्याला भुलू नये.

आजपर्यंत आमच्या प्रस्तावाला आठ होकार व सात नकार आले आहेत. चौघांनी उत्तर दिलेले नाही, त्यांत कॅनडाचा भाऊ एक. शाबुओथनंतरच्या मंगळवारी थोरल्या बहिणीकडे सर्वांनी जमावयाचे ठरले आहे. काकांच्या मुलाला आम्ही यातले अद्याप काही कळविलेले नाही. मात्र गेल्या आठवड्यात त्याने फोनवर एक छायाचित्र धाडले : २०२० च्या रोपांपैकी एकीला धरलेला पहिला घोस. खाली त्याने विचारले आहे, या सुपारीचे काय करू?